हळदीच्या खोलीची कडी

वाळलेली हळद ढिगावर ओतली की एक आवाज येतो. ज्वारी ओतली तर ती सळसळते, सोयाबीन नुसतं पळतं. हळदीचा आवाज कोरडा, खणखणीत, तरी कानाला लागत नाही. लांबच्या एखाद्या घरात कोणी बाई लाकडी भांडी एकात एक ठेवत असावी, तसा तो वाटतो. आता मला कमी ऐकू येतं. समोरचा काय म्हणतो ते ओठांकडे बघून समजून घ्यावं लागतं. पण दुपारी डोळा लागताना हा आवाज मात्र आतून येतो. त्याच्या मागोमाग ती खोली येते, झरोक्यातून पडलेला उन्हाचा पट्टा येतो, पट्ट्यात तरंगणारी पिवळी धूळ येते. धुळीत माझी नात बसलेली असते. ती तिथे चार वर्षांचीच असते. खरी नात आता माझ्या खांद्याला लागते.

त्या खोलीची एक गोष्ट आमच्या भावकीत अजून सांगतात. ती माझ्या सुनेची गोष्ट आहे, आणि ती खोटी आहे. लेकरू आत असताना सुनेने न बघता दाराला कडी लावली आणि मग गावभर शोधत बसली, अशी ती गोष्ट. कडी सुनेने लावली नव्हती. मी लावली होती.

आमचं गाव वसमतच्या बाजूचं. कालव्याचं पाणी आलं तसं गाव कापसाकडून हळदीकडे वळलं. थंडी सरता सरता सगळ्या शिवारात हळद शिजायला लागते आणि त्या वाफेचा वास इतका दाट असतो की भाकरीलाही तोच लागतो. उन्हात पडलेलं हळकुंड मी कानाजवळ धरून मोडायचो. कटकन तुटलं तर वाळलं, आवाज नरम आला तर अजून ऊन पाहिजे. लोक मला आपापल्या खळ्यावर बोलावून न्यायचे. ‘आबाचा कान’ असं गावात म्हणायचे. हळकुंडाचा एवढा बारीक आवाज ओळखणारा माणूस मी, आणि घरातल्या लेकराचा आवाज मला ओळखता आला नाही.

नात माझ्या थोरल्या मुलाची. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच ती कान झाकायची. आम्हाला शिट्टी ऐकू यायची. तिला शिट्टी येणार आहे हे ऐकू यायचं. नव्या फ्रॉकच्या गळ्यातली पट्टी सून ब्लेडने उसवून काढायची, तरी मागे उरलेला दोरा तिला टोचायचा. भातावर वरण ओतलेलं तिला चालायचं नाही. भाकरीचा वरचा कडक पापुद्रा तेवढा खायची. जमीन तापलेली असावी तशी अंगणात चवड्यांवर चालायची. कोणी लाडाने गालावरून हात फिरवला, तर तो हात जिथून गेला ती जागा ती कितीतरी वेळ घासत बसायची. आणि हीच पोर भर उन्हाळ्यात अंगावर दोन गोधड्या घेऊन झोपायची. बोलत नव्हती. आईचे दोन्ही हात ओढून आणायची आणि स्वतःच्या पाठीवर दाबून धरायची.

सून तिला नांदेडला डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आली त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिने आम्हाला सांगितलं. माझी बायको लसूण सोलत होती.

“मामा, तिला सगळं आपल्यापेक्षा मोठं लागतंय,” सून म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. “आवाज मोठा, उजेड मोठा. हलकं बोट लावलं तर चटका बसल्यावानी होतंय. आन् दाबून धरलं की बरं वाटतंय. ऑटिझम म्हणतेत त्याला.”

“मंग गोळी काय दिली?”

“गोळी न्हाई. तिला शिकवायचं, आन् आपण समजून वागायचं.”

“समजून वागा म्हणायला नांदेडला काहून गेली? ते मी इथंच सांगितलं असतं.”

बायको हसली. सूनही हसली थोडी. ती त्या दिवशी खूप थकलेली होती हे मला आज दिसतं. तेव्हा मला वाटलं, मी विनोद चांगला केला.

घराच्या मागे आमची जुनी खोली आहे, जाड मातीच्या भिंतींची. वाळलेली हळद तिथे ठेवतो. वैशाखातसुद्धा आत गार असतं. नातीला ती खोली फार आवडायची. ती ढिगात कोपरापर्यंत हात घालायची, मग पाय घालायची, मग कमरेपर्यंत रुतून बसायची. मी टोपलीने तिच्या पायांवर हळद ओतायचो. आवाज यायचा आणि ती हसायची. मोठ्याने नाही. गळ्यात कुठेतरी खालच्या सुरात गुणगुणल्यासारखं. टोपली रिकामी झाली की माझं मनगट धरून परत ढिगाकडे न्यायची. माझ्याकडे बघायची नाही, पण मनगट सोडायची नाही. कितीतरी दुपारी आम्ही दोघं त्या पिवळ्या उजेडात असे होतो. बाहेर कावळे ओरडायचे ते लांब वाटायचं. त्या दुपारी खरोखर तेवढ्या होत्या का, की एकच दुपार मी पुन्हा पुन्हा आठवतो, ते आता सांगता येत नाही.

मग धाकट्या मुलाचं लग्न निघालं. आमच्यात नवरदेवाच्या हळदीला घरातली लहान मुलगी करवली म्हणून मागे बसते, आणि हळद तिलाही लावतात. मी नातीला करवली ठरवलं.

“मामा, दुसरी कोणी करा,” सून म्हणाली. “तिला ओली हळद सोसायची न्हाई.”

“दिवसभर हळदीत तर लोळती.”

“ती वाळलेली, मामा.”

“हळद ती हळद. साऱ्या गावात आपली हळद नावाजलेली, आन् आपल्याच पोरीच्या अंगाला लागायची न्हाई? लोक काय म्हणतील?”

माझी थोरली बहीण, आमची आक्का, हिंगोलीहून दोन दिवस आधीच आली होती. ती तिथेच बसली होती. “आताच्या आयांना लेकरू रडलं की आजार दिसतो,” ती म्हणाली. “आमची लेकरं काय कमी रडली? रडून रडून मोठी झाली.”

माझंही गणित पक्कं होतं. जी पोर हळदीत रुतून हसते ती हळदीला भिते, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. कोरडं, कडक, जड हळकुंड आणि तेलात कालवलेला गार, चिकट गोळा, या दोन गोष्टींचं नाव एक आहे म्हणून मला त्या एकच वाटत होत्या.

हळदीच्या दिवशी मांडवात बँड होता. मी नातीला मांडीवर घेऊन बसलो. बायका हसत हसत आल्या. पहिला ओला हात तिच्या गालाला लागला तशी ती ताठ झाली. मी तिची मनगटं धरली. दुसरा हात, तिसरा, मग गळा, मग पाय. ती खूप रडली असं लोक सांगतात. ते रडणं नव्हतं. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. सून गर्दीतून पुढे येत म्हणाली, “सोडा मामा, सोडा तिला,” आणि मी म्हणालो, “झालं, झालंच.” मग नातीने माझ्या हाताला चावा घेतला. सून कोरडा टॉवेल आणायला घरात धावली. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. नवरीकडची माणसं आली होती आणि सगळे तिकडे वळले.

मी नातीला उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. हळदीच्या ढिगावर ठेवलं. दार लोटलं आणि बाहेरून कडी लावली. आमची कडी जुनी आहे. आधी वर उचलावी लागते, मग सरकते. इथे ती शांत होईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण कडी त्यासाठी लावली नव्हती. व्याह्यांनी तिला तसं बघू नये म्हणून लावली होती.

मग मी पाहुण्यांना पाणी दिलं, मानाच्या टोप्या घातल्या, उसाच्या भावावर बोललो. बँड वाजत होता. मी विसरलो असं म्हणणं सोपं जाईल. विसरलो नव्हतो. थोड्या वेळाने जाऊ, आता बरं दिसणार नाही, असं करत राहिलो.

सून टॉवेल घेऊन सगळीकडे फिरत होती. मी व्याह्यांच्या गराड्यात बसलेलो, त्यामुळे मला विचारायला ती पुढे आली नाही. मागच्या खोलीपर्यंतही गेली होती. पण दाराला बाहेरून कडी, म्हणजे आत कोणी नसणार, असं समजून वळली. कोणाच्याही मनात तेच आलं असतं. मग बायका हाका मारायला लागल्या, बँड थांबला, आणि कोणीतरी विहिरीचं नाव काढलं.

सगळे विहिरीकडे पळाले. आणि मीही पळालो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खोली माझ्या उजव्या हाताला होती. मी तिकडे वळायला पाहिजे होतं. पण सगळ्यांसमोर सरळ जाऊन कडी काढली तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून मी आधी विहिरीवर गेलो, सगळ्यांसारखा वाकून पाण्यात बघून आलो. सून काठावर गुडघ्यावर बसली होती. हातातला टॉवेल पाण्याच्या बाजूला लोंबत होता. ती हाक मारत नव्हती. नुसती बघत होती. पाणी खोल होतं, हिरवं होतं, आणि त्यात आम्हा सगळ्यांची डोकी दिसत होती.

मग मी मागे सरलो आणि एकटा खोलीकडे गेलो.

नात ढिगात गळ्यापर्यंत रुतलेली होती. ओल्या हळदीवर तिने कोरडी हळद चोळून चोळून लावली होती. झरोक्यातला पट्टा तिच्या डोक्यावर पडला होता. ती गुणगुणत होती. इतकं शांत तोंड मी त्या दिवशी दुसरं पाहिलं नाही. पुढे कितीदा मी या तोंडाचा आधार घेतला: ती तर तिथे सुखात होती, म्हणजे काय बिघडलं? पण मी दारात उभा राहिलो तशी ती गप्प झाली आणि तिने कान झाकले.

मी तिला उचलून अंगणात आणलं. लोक जमले. कोणीतरी म्हणालं, “आबानं भिंतीला कान लावून शोधलं.” मी तसं बोललो नव्हतो. पण नाहीही म्हणालो नाही.

आक्काने विचारलं, “खोलीत होती तर मंग कडी कोणी लावली?”

“लागला असंल कोणाचा हात,” मी म्हणालो.

आमच्याकडे ते दार उघडं दिसलं की जाणारा-येणारा कडी ओढतो, नाहीतर शेळ्या आत शिरतात. सवयच आहे ती घराची. आक्काने सुनेकडे बघितलं. “हीच फिरून राहिली होती टॉवेल घेऊन. हिचाच हात. आत बघायचं तरी बाई.”

सुनेने लेकरू छातीशी दाबून धरलं होतं. मी तांब्या उचलून पाणी प्यालो. तेवढ्या वेळात ती गोष्ट तयार झाली.

गोष्ट मग फिरली. वसमतच्या बाजारात मला ती माझ्याच तोंडावर सांगितली गेली, ‘आबाचा कान’ धरून. घरात बायको सुनेला उठता बसता बोलायची, मुलगाही बोलायचा. सुनेने लग्नकार्याला जाणं सोडलं. तिला एक खोड लागली. घरातलं कोणतंही दार बंद दिसलं की ती ते उघडून आत बघायची. कपाट, न्हाणी, शेळ्यांचा गोठासुद्धा. जपते बिचारी, असं मला वाटायचं.

नातीने मात्र मला परत हळद ओतू दिली नाही. टोपली मी उचलली की ती उठून जायची. घरात कोणीही कडी लावली तर तिला काही वाटायचं नाही. मी लावली की ती कान झाकायची. लोखंड तेच, दार तेच. माझा हात कसा उचलतो आणि कसा सरकवतो ते तिला ऐकू येत असणार. पुढे शिकवणीच्या बाईंनी मेहनत घेतली आणि तिला थोडे थोडे शब्द आले. एक दिवस मी ओट्यावर बसलो असताना ती समोर येऊन उभी राहिली. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “आबा. कडी.”

बायको हसली. “बघा, आबाला कामाला लावून राहिली. जा, लावा कडी.”

मी उठलो आणि कडी लावली. तिने कान झाकले. माझ्याशिवाय घरातल्या एकाच माणसाला खरं माहीत होतं, आणि तिने ते सांगूनही टाकलं होतं.

तरीही मी आणखी काही वर्षं काढली. या उन्हाळ्यात आक्का तिच्या नातीच्या लग्नाचं आवतण द्यायला आली. ओट्यावर चहा झाला. बायको होती, थोरला मुलगा होता, सून कपबशा आवरत होती.

“ह्या बारीला सगळ्यांनी यायचं,” आक्का म्हणाली. “लेकीलाही आण गं. फक्त दारं-बिरं बघून लावत जा, माय.”

सून हसल्यासारखं करून कपबशा उचलायला वाकली. तिची ती वाकलेली मान मी कितीदा पाहिली होती. का कोण जाणे, त्या वेळी मला विहिरीतलं पाणी दिसलं, त्यात आमची डोकी.

“आक्का, कडी मी लावली होती,” मी म्हणालो.

“कोणती कडी?”

“हळदीच्या खोलीची. लग्नातल्या हळदीच्या दिवशी. मीच पोरीला आत ठेवली आन् कडी लावली. पाहुणे आले होते म्हणून.”

आक्काने माझ्या बायकोकडे बघितलं. “चहात काय घातलं होतं गं ह्याच्या?”

कोणी हसलं नाही. मी विहिरीचंही सांगितलं. मुलगा उठला, गाडी चालू केली आणि वारंगा फाट्याच्या रस्त्याला निघून गेला. बायको म्हणाली, “इतकी वर्षं मी तिला बोलून राहिले. मला तरी सांगायचं.”

सुनेने कपबशा खाली ठेवल्या. ती रडेल किंवा रागावेल, असं मला वाटलं होतं. तिने एखादी गोष्ट तपासून घ्यावी तसं विचारलं.

“नक्की तुमीच लावली, मामा?”

“व्हय.”

“वर उचलून सरकवली, का दार लोटताना आपोआप पडली?”

“वर उचलून.”

ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. “मला आठवत न्हवतं मी लावल्याचं. पण सगळेच म्हणत होते. मंग मला आठवायला लागलं. गार लोखंड, बोटाला हळद, आतून तिचा आवाज येऊन राहिला आन् तरी मी लावून राहिले. सपनात यायचं. जागेपणीसुद्धा यायचं.”

मला वाटलं होतं मी तिच्यावर एक बोल येऊ दिला. मी तिला एक आठवण दिली होती, माझी.

“मंग ते सपन माझं न्हाईच,” ती म्हणाली. आणि कपबशा उचलून आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. ती त्या दिवशी माझ्याशी परत बोलली नाही, आणि पुढेही कितीतरी दिवस जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. मुलगा अजून तेवढंही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रू ढिले करून ती कडी काढून टाकली. शेळ्यांसाठी दाराला बाहेरून एक धोंडा लावतो, तोही कोणी आत नाही हे बघून.

हे सगळं लिहून ठेवायचं कारण वेगळं आहे. आक्काने हिंगोलीला जाऊन सांगितलं, पण तिच्या पद्धतीने. “आमचा भाऊ देवमाणूस. सुनेवरचा बोल म्हातारपणी स्वतःवर घेऊन राहिला.” लग्नात दोघा-तिघांनी माझे हात हातात घेतले. मी खरं सांगितलं आणि त्याने माझाच मान वाढला. सून त्या लग्नाला आली नाही. म्हणून इथे लिहितो, सरळ. मी कोणाचं काही अंगावर घेत नाही. कडी मी लावली, विहिरीवर मी खोटं वाकलो, कान लावून मी काहीही ऐकलं नाही. हे भावकीत कोणीही वाचावं आणि वाचून दाखवावं.

सून अजूनही बंद दारं उघडते. पण परवा न्हाणीच्या बंद दारापाशी ती थांबली, हात पुढे केला, आणि तसाच मागे घेऊन चुलीकडे गेली. मी बघितलं हे तिला माहीत नाही.

दुपारी नात हळदीच्या खोलीत असते. मी बाहेर बाजेवर पडतो. कडीच्या स्क्रूची छिद्रं दारात तशीच आहेत आणि आतला पिवळा उजेड त्यांतून बाहेर येतो. ती स्वतःच टोपली भरते, स्वतःच्याच पायांवर ओतते. मधूनच दार आतून ढकलून उघडते, पुन्हा ओढून घेते, पुन्हा उघडते. उघडतं, हे बघत असावी. माझ्याकडे ती बघत नाही. मी मनगट बाजेबाहेर सोडून ठेवतो. अजून तिने ते धरलेलं नाही.

मग डोळा लागतो. हळद ओतल्याचा आवाज येतो, लांबच्या घरातला. आताशा त्याच्या मागोमाग माझ्या बोटांना गार लोखंड लागतं, बोटावर थोडी हळद असते, आणि आतून कोणीतरी गुणगुणत असतं. सून म्हणाली तसंच सगळं. ते सपन आता ज्याचं त्याच्याकडे आलेलं आहे.